विद्येचे गाव आणि घरची चूल

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या शिंपी समाजाच्या शैक्षणिक प्रगतीचा इतिहास लिहून द्यावा, अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली. अशा इतिहासाचे नाव काढताच पदवीधरांची यादी आणि त्यांची छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. ती यादी याच अंकात अन्यत्र आहे, तेव्हा तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत लेखक केवळ मॅट्रिक आहे. प्राथमिक शाळेत त्याची अडतीस वर्षे गेली. या काळात दर मे-जून महिन्यात ज्ञातिबांधवांकडून एक प्रश्न हमखास ऐकावयास मिळे, आणि सेवानिवृत्तीनंतरही तो ऐकावा लागतो. “गुरुजी, मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवावे काय?” कोणी कराडचे नाव घेतो, कोणी कोल्हापूरचे किंवा पुण्याचे, अलीकडे लातूरचेही घेतात. जो तो हा प्रश्न आपल्याच घरापुढे प्रथम उभा राहिला असे समजून विचारतो. वास्तविक तो दीडशे वर्षांचा जुना आहे. तो पूर्वी कोणी कसा सोडविला, आणि सोडविताना त्याची किंमत घरातील कोणी मोजली, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्यानंतर कित्येक वर्षे उच्च शिक्षणाची गावे बोटांवर मोजण्याइतकी होती. कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० मध्ये निघाले, पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये. बाकीच्या मुलखातील मुलाने विद्येची इच्छा धरली की गाव सोडणे ओघानेच आले. धोंडो केशव कर्वे एका परीक्षेस बसण्यासाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस न बसविता परत पाठविण्यात आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कोल्हापुरास चालले होते तेव्हा त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा पंधरा रुपये पगार होता, व त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत असत. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले. गोखल्यांच्या चरित्रात हा प्रसंग दोन ओळींत संपतो. उरलेल्या सात रुपयांत त्या माउलीने संसार कसा चालविला असेल, याचा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही.

त्या काळी ब्राह्मण विद्यार्थ्यास एक सोय होती, तिचाही उल्लेख येथे केला पाहिजे. पुण्यासारख्या शहरात तो माधुकरी मागू शके. अथवा आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवू शके. गरिबी होती, अपमानही होते. परंतु परगावी शिजलेले अन्न मिळण्याची एक रूढ वाट त्याला उपलब्ध होती. आपल्या मुलांसाठी ती वाट नव्हती. शिंप्याच्या पोराला वार कोण लावून देणार? त्याला शिकावयाचे तर परगावी स्वतःची चूल मांडणे प्राप्त होते, आणि चूल मांडावयाची म्हणजे ती पेटविणारे माणूस बरोबर नेणे आले.

आता बिऱ्हाडच हलवावे म्हटले तरी आपल्या वाडवडिलांना ते सोपे नव्हते. जुन्या गावगाड्यातील अलुतेदारांच्या याद्यांत शिंप्याचे नाव आढळते. गावाने कपडा शिवून घ्यावा आणि सुगीत धान्य द्यावे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीवर चाले. शिवणयंत्र आल्यानंतर धंद्याचे रूप पालटले. सिंगर कंपनीची यंत्रे हप्त्याने मिळू लागली. पुढे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ यंत्रे आली. यंत्र बैलगाडीत घालून नेता येते, हे खरे. परंतु गिऱ्हाईक गाडीत घालता येत नाही. कोणाचे अंगरखे किती सैल लागतात, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाची उधारी सुगीपर्यंत थांबवावयाची, ही सारी धंद्याची पुंजी गावातच राहते. शिवाय दुकानातील मुलगा हा नुसता मुलगा नसे. काजे करणे, बटणे लावणे, हातशिलाई, इस्त्रीचे कोळसे फुलविणे ही कामे त्याच्याच अंगावर असत. तो शाळेला गेला की तेवढे दोन हात कमी होत. म्हणून विद्येच्या गावी संबंध घर नेणे म्हणजे धंदा मोडणे, आणि एकटा मुलगा पाठविणे म्हणजे त्याच्या जेवणाची चिंता, असा हा दुहेरी पेच होता.

हा पेच ज्यांनी नेमका ओळखला ते छत्रपती शाहू महाराज होत. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. परंतु त्याचा लाभ प्रत्यक्षात मुख्यत्वेकरून ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. तेव्हा महाराजांनी वाट बदलली, आणि त्या त्या समाजाने पुढे यावे, दरबार त्यास जागा व अनुदान देईल, असे धोरण धरले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ मध्ये लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्याच १९०८ साली आपल्या समाजाचे श्री नामदेव बोर्डिंग सुरू झाले. पुढे पांचाळ, वैश्य, सुतार, नाभिक अशी ही मालिका महाराजांच्या हयातीत, म्हणजे १९२२ पर्यंत, वाढतच गेली. कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या परिसरात हिंडले असता यांपैकी काही वास्तू आजही दृष्टीस पडतात. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यथार्थ आहे.

या घटनेचे महत्त्व आपण सहसा ‘राहण्याची सोय’ एवढ्यावर मोजतो. माझ्या मते मोठी गोष्ट छप्पर ही नव्हती, मुदपाकखाना ही होती. बोर्डिंगमध्ये एकत्र स्वयंपाक होई. त्यामुळे खेड्यातील शिंप्याला दुकान न मोडता, गाव न सोडता आणि घरातील कोणाही स्त्रीला परगावी न धाडता मुलगा शिकविणे शक्य झाले. मुलगा गेला, चूल जागच्या जागी राहिली. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, हे सर्वांस ठाऊक असतेच. पण शाळेतून कचेरीपर्यंत जाणाऱ्या त्या वाटेवर मधली धर्मशाळा बोर्डिंगांनी पुरविली, हे विसरता कामा नये.

ज्ञातिवार बोर्डिंगांची एक उणीवही होती, आणि ती ज्ञातीच्या स्मरणिकेतच सांगणे योग्य. भाऊराव पाटील हे कोल्हापुरास जैन बोर्डिंगमध्ये राहत असता मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले. परतल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी एकेक करून अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. गोखल्यांच्या वहिनींप्रमाणे येथेही विद्येच्या मागे एक चूल व तिच्यापाशी एक स्त्री उभी आहे, फरक एवढाच की या चुलीवर सर्व जातींचे अन्न एकत्र शिजले.

संबंध घर हलविल्याचेही एक थोर उदाहरण आपल्यासमोर आहे. सुभेदार रामजी सकपाळ यांनी साताऱ्याहून मुंबईस बिऱ्हाड नेले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत संसार मांडला. त्या खोलीत दाटी एवढी की भीमरावास अभ्यासासाठी जागा मिळावी म्हणून त्यास लवकर निजवून वडील स्वतः जागत बसत व रात्री दोनच्या सुमारास त्यास उठवीत. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. आईचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे या मुलांना आत्या मीराबाई यांनी सांभाळले होते. रामजी सुभेदार हे निवृत्तिवेतन मिळविणारे गृहस्थ होते. त्यांचा धंदा एखाद्या गावच्या पेठेशी बांधलेला नव्हता. ज्याची मिळकत त्याच्याबरोबर चालू शकते त्याने बिऱ्हाड हलविणे आणि ज्याची मिळकत गावात राहते त्याने ते हलविणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्येची गावे जवळ येऊ लागली. साताऱ्यास १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले व ‘कमवा व शिका’ या योजनेने ते नावारूपास आले. कराडास १९५४ मध्ये सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कृष्णेच्या पलीकडे सैदापूरच्या हद्दीत विद्यानगर या नावाची वसाहतच उभी राहिली. सांगली व मिरज यांच्या मधोमध विश्रामबागेच्या बाजूस विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून होतेच. १९४७ मध्ये तेथे अभियांत्रिकीचीही सोय झाली. १९६२ मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीच्या परीक्षेसाठी पुण्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत मिळाली. आपल्या समाजातील पहिल्या पदवीधरांपैकी अनेक जण या ई. बी. सी. सवलतीवर शिकले.

याच काळात आपल्या कित्येक कुटुंबांनी खरोखरच बिऱ्हाडे हलविली. त्यास एक धंद्याचेही कारण होते. कॉलेजच्या गावात तरुण मुले असतात, तरुण मुलांना पॅंट-शर्ट लागतात. हायस्कुलांचे गणवेश, राष्ट्रीय छात्रसेनेचा खाकी पोशाख, लग्नसराईतले कोट, अशी शिलाई खेड्यात नव्हती. कॉलेजच्या रस्त्यावर आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घ्यावा, पुढे दोन यंत्रे टाकावीत, मागे पडदा सोडून संसार करावा, असे करणाऱ्यांची मुले शिकली आणि धंदाही वाढला. दैवयोग म्हणा की अंदाज, शिंप्याच्या बाबतीत विद्येचे गाव हेच गिऱ्हाइकाचे गाव निघाले. शेतकरी बांधवांना किंवा कुंभारबांधवांना ही सवड नव्हती. जमीन उचलून नेता येत नाही आणि भट्टी कॉलेजच्या रस्त्यावर लावता येत नाही.

ज्यांनी घर हलविले नाही त्यांना एस. टी.ने तारले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि पुढील तीस वर्षांत ती बहुतेक मोठ्या खेड्यांपर्यंत पोचली. विद्यार्थ्यांस सवलतीचा पास मिळे, त्यावर रोज जाऊन-येऊन शिकणारे पुष्कळ. आणि जे शहरात खोली करून राहत त्यांचा डबा एस. टी.ने येई. सकाळच्या पहिल्या गाडीला आई डबा द्यायची; कंडक्टर तो ठेवून घ्यायचा; स्टॅंडवर डब्यांची रांग लागायची आणि झाकणावर रंगाने घातलेले नाव पाहून ज्याने त्याने आपापला उचलायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. भाकरी थंड असे, कालवण कधी सांडलेले असे. परंतु आईची चूल गावातच राहून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या मुलास जेवू घालीत असे. या डब्यांवर शिकलेल्यांनी एखादे ग्रंथालय भरेल. आपल्या इतिहासात त्या कंडक्टरांचा कोणी तरी आदराने उल्लेख करावयास हवा, तो येथे करून ठेवतो.

डब्याची सोय जेथे नव्हती तेथे मात्र तिसरा मार्ग निघाला, आणि त्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. दोघे-तिघे भाऊ, चुलतभाऊ मिळून शहरात खोली घेत आणि त्यांना रांधून घालण्यासाठी थोरल्या बहिणीला बरोबर पाठवीत. ती सातवी झालेली असे, क्वचित नववी. “तिलाही तिथेच शाळेत घालू,” असे निघताना म्हटले जाई. मग पहाटेचा सार्वजनिक नळ, स्टोव्हचे रॉकेल, तिघांचे कपडे, आणि भावांच्या परीक्षा. शाळेत घालण्याचे पुढील जूनवर जाई आणि त्यापुढील जूनपर्यंत तिचे लग्न ठरलेले असे. माझ्या शाळेतून अशा रीतीने गेलेल्या मुली मी मोजल्या आहेत. त्या दाखल्यांवर मी स्वतःच्या हाताने ‘परगावी जात असल्यामुळे’ असे कारण लिहिले आहे. परगावी त्या शिक्षणासाठीच गेल्या, फक्त दुसऱ्याच्या. त्यांचे भाऊ आज आपल्या पदवीधरांच्या यादीत आहेत, आणि ते असावेत याचा मला आनंदच आहे. परंतु अशी यादी पाहताना प्रत्येक नावामागे कोणाची चूल होती हे विचारण्याची सवय मला जडली आहे.

मुलींसाठी वसतिगृहे नव्हती असे नाही. पुण्यास १८८४ मध्ये हुजूरपागा निघाली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये. कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये निघून १९०० मध्ये हिंगण्यास गेला व १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठच काढले. परंतु ज्या मुलांसाठी आपल्या ज्ञातीने बोर्डिंग काढले त्यांच्या बहिणींसाठी तसे काही काढावे, हे पुष्कळ उशिरा सुचले, आणि काही ठिकाणी अजून सुचावयाचे आहे.

पुढील हकीकत वाचकांच्या डोळ्यांसमोरची असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९७५ पासून दहावीनंतर अकरावी-बारावी असा नवा आकृतिबंध आला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि साखर कारखान्यांच्या परिसरात कॉलेजे उभी राहिली. विद्येचे गाव आता दर तालुक्यास झाले. तरीही बिऱ्हाडे हलण्याचे थांबले नाही, उलट वाढले. ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाल्यापासून दोन वर्षांपुरती खोली घेऊन आई मुलासह लातुरास आणि वडील गावी, अशी अर्धी बिऱ्हाडे आपल्या समाजातही दिसू लागली आहेत. दरम्यान तयार कपड्यांनी आपल्या धंद्याचे कंबरडे मोडले. गणवेश सोलापूरच्या कारखान्यांतून गठ्ठ्यांनी येतात. कॉलेजच्या रस्त्यावर गाळा घेऊन दोन यंत्रांवर संसार चालविण्याचा १९६५ सालचा हिशेब आज कोणी मांडू पाहील तर तो फसेल. वडील ज्या हिशेबाने कराडास आले तो हिशेब मुलाने पुण्यास जाताना पुढे धरू नये, असे मी विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. दुरुस्ती, मापे बदलणे, ब्लाउज-शिलाई एवढ्यावर शहरातले भाडे निघत नाही. गावचे घर बंद पडते ते निराळेच.

मग मुलाला पाठवावे तर कोठे? २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्गातील व आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ केली. हा निर्णय स्तुत्य आहे व आपल्यापैकी बहुतेक घरांना तो लागू पडतो. परंतु फी माफ झाली तरी खोलीभाडे माफ झालेले नाही आणि खाणावळही माफ झालेली नाही. यंदा माझ्याकडे प्रवेशाची पत्रे घेऊन आलेल्या सात पालकांपैकी पाच मुलींचे होते. पाचांचीही फी शून्य. पाचांचाही प्रश्न राहण्याजेवणाचा, आणि पाचांपैकी तिघांनी “एवढ्यासाठी सगळे घर हलवावे की मुलीला जवळच्या कॉलेजात साध्या पदवीला घालावे?” असेच विचारले. मुलगा असता तर त्यांनी घर हलविण्याचे नावही काढले नसते. त्यास आपल्या मंडळाच्या वसतिगृहात घालून ते मोकळे झाले असते.

त्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर सध्या नऊ खाटा रिकाम्या आहेत. मुले आता खोल्या घेऊन राहणे पसंत करतात, म्हणून तो मजला एका शिकवणी-वर्गास भाड्याने द्यावा अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. जिना बाहेरून आहे, नळ स्वतंत्र आहे, स्वयंपाकघर खाली चालू आहेच. तेथे मुलींची सोय करावी, आणि जागा उरल्यास इतर समाजांच्या मुलींनाही द्यावी, अशी दुसरी सूचना मी व आणखी दोघा सभासदांनी लेखी दिली आहे. भाड्याचे उत्पन्न बुडेल हा आक्षेप खरा आहे. दरमहा किती बुडेल तो आकडा खजिनदारांनी काढून ठेवला आहे. दोन्ही सूचना वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाचव्या व सहाव्या क्रमांकावर आहेत. सभेस भगिनीवर्गानेही उपस्थित राहावे.